अपंगत्व पेन्शन नाकारली, तर न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी

सैनिकाला अपंगत्व पेन्शन नाकारल्याचे जे पत्र येते, त्यात बहुतेक वेळा एकच ठरलेले कारण असते: आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. सातारा-कोल्हापूरकडे असे पत्र घरी आले की आधी वकील गाठला जातो. परंतु सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २१ प्रमाणे, खात्यात उपलब्ध असलेली दाद मागून झाल्याशिवाय तिथे अर्ज सहसा दाखल करून घेतला जात नाही.

म्हणून पहिले अपील खात्याकडेच, सहा महिन्यांच्या आत करावे लागते. ज्याने नाकारले त्याच्याच दारात पुन्हा जायचे, हे मला फारसे पटत नाही, पण ही पायरी गाळता येत नाही. अपिलाला सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर कायद्याच्या लेखी ती पूर्ण झाली असे धरले जाते आणि तिथून पुढे सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. अंतिम आदेश आलाच, तर मुदत आदेशाच्या तारखेपासून मोजली जाते. पत्र उशिरा हाती पडले असेल, तर विलंबमाफीच्या अर्जात टपालाच्या शिक्क्याचे पाकीटच कामी येते, तेव्हा ते चुलीत घालू नये. अपील स्पीड पोस्टने पाठवून पोचपावतीही जपावी.

वर्षानुवर्षे गप्प बसलेल्यांसाठीही वाट अगदी बंद नाही. पेन्शन दरमहा देय असल्याने ती न देणे हा सतत चालू राहणारा अन्याय ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात मान्य केले. मात्र थकबाकी साधारणपणे आधीच्या तीन वर्षांचीच मिळते.

अर्जाचा खरा भार वैद्यकीय कागदांवर असतो. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालानुसार, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि मेडिकल बोर्डाने आपल्या मताची कारणे दिली नसतील, तर सैनिकाच्या बाजूने गृहीत धरले जाते. म्हणून भरतीच्या तपासणीची व बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून आधीच मागवावी. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवामुक्त झालेल्यांना नवे पात्रता नियम लागू आहेत, त्यामुळे जुना निकाल जोडताना सेवामुक्तीची तारीख पाहिलेली बरी.