आमची वाटचाल : बुवांच्या चाली आणि आमची सुई

आमचं दुकान पुण्यात नारायण पेठेत, एक दहा बाय बारा ची खोली आणि मागे पोटमाळा. 1996 ला मी आणि माझ्या धाकट्या दिरांनी सुरू केलं. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आणि भाऊजी ऑर्गन वाजवतात, कान चांगला, म्हणून जमलं. सुरवातीला कॅसेट कॉपी, भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग, मग लग्नाच्या व्हीएचएस वरून सीडी, डीव्हीडी. खरं सांगायचं तर आजही दुकानाचं भाडं त्या लग्नाच्या कॅसेटींवरच निघतं. पण लोक आम्हाला ओळखतात ते जुन्या नाटकांतल्या पदांच्या रेकॉर्डसाठी, त्यातही भास्करबुवा बखल्यांच्या चालींसाठी, आणि सगळे विचारतात की याकडे कसे वळलात, म्हणून लिहायला बसले.

2006 ला सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायचा होता, त्या घरातले लोक दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन आले, आत 78 च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या, ग्रामोफोनच्या) रेकॉर्डी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. म्हणाले यातलं जे वाजेल ते सीडीवर द्या. आमच्याकडे तेव्हा फक्त एलपीचं, म्हणजे नंतरच्या काळातल्या लाँग प्ले रेकॉर्डीचं प्लेअर. लावली रेकॉर्ड, तर नुसती खरखर आणि खूप लांबून कोणीतरी गातंय असं. मला तेव्हा माहीतच नव्हतं की एलपीची सुई साधारण 25 मायक्रॉनची आणि 78 ची खाच रुंद, तिला 75 च्या आसपासची लागते, बारीक सुई खाचेच्या तळाशी कचऱ्यात घासत बसते. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे रेकॉर्ड कळकट दिसली म्हणून मी ती स्पिरिटने पुसली. या तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची पूड आणि काजळी घालून दाबलेल्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते! चकाकी गेली, बोळा काळा झाला, त्या बाजूचा अर्धा आवाज कायमचा गेला. त्या घरातल्या काकूंना जाऊन सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ती रेकॉर्ड परत घेऊन छातीशी धरली. ते मी अजून विसरलेले नाही. आजही दुकानात पाणी आणि थोडा सौम्य साबण, लेबल झाकून, मऊ ब्रश, आणि नंतर लगेच कोरडं, एवढंच.

त्याच ट्रंकेत बालगंधर्वांची, "स्वयंवर" नाटकातली "नाथ हा माझा" होती. योग्य सुई मागवून दोन महिन्यांनी ती वाजवली आणि भाऊजी ऑर्गनवरून उठून माझ्या शेजारी येऊन बसले. यमन राग आमच्या घरात रोजचाच, पण हा यमन म्हणजे काय सांगू. चाल कोणाची म्हणून त्यांनी सांगायला सुरवात केली आणि संध्याकाळ गेली.

चाल भास्करबुवा बखल्यांची. "स्वयंवर" 1916 चं, खाडिलकरांचं, गंधर्व नाटक मंडळीने केलेलं. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेली, फैज महंमद खां, नत्थन खां, अल्लादिया खां यांच्याकडे, आणि ती सगळी विद्या त्यांनी नाटकाच्या पदांत ओतली, "मम आत्मा गमला" बिहागात, "सुजन कसा मन चोरी" भूपात, "स्वकुल तारक सुता" भीमपलासात. पुढे 1920 ला "द्रौपदी". 1922 ला बुवा गेले, जेमतेम बावन्न वर्षांचे. आणि बुवांचा स्वतःचा आवाज एकाही रेकॉर्डवर नाही. एकाही नाही! पुण्यात ज्यांनी 1911 ला भारत गायन समाज काढला, ज्यांच्याकडे मास्तर कृष्णराव शिकले, बालगंधर्व शिकले, त्यांचं गाणं आपल्याला ऐकायला मिळतं ते फक्त शिष्यांच्या गळ्यातून, तीन सव्वातीन मिनिटांच्या एकेका बाजूवर. हे मला कळलं त्या दिवशी ठरवलं की आपण बुवांच्या चालींच्या जेवढ्या रेकॉर्डी मिळतील तेवढ्या गोळा करून नीट परत काढायच्या.

तीन मिनिटं हा काय प्रकार आहे ते थोडं सांगते. रंगभूमीवर हीच पदं वन्स मोअर वर वन्स मोअर घेत रंगायची, नाटक रात्रभर चालायचं. दहा इंची तबकडीवर मात्र अस्ताई, अंतरा, दोनचार ताना आणि संपलं, त्यामुळे लय सुद्धा थोडी चढी. इटलीत 1903 लाच वेर्दीचा "एर्नानी" हा आख्खा ऑपेरा चाळीस एकतर्फी तबकड्यांवर आला होता, आपल्याकडे "स्वयंवर" चं असं पहिल्यापासून शेवटपर्यंत काही झालं नाही, सुटी पदं तेवढी आहेत. आपल्या हातात जे आहे ते तुकडे आहेत हे मनाशी धरूनच काम करावं लागतं, आणि म्हणून एकही तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही.

आता स्पीड. नाव 78 असलं तरी जुन्या काळातल्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या रेकॉर्डी सगळ्या 78 वर कापलेल्या नाहीत, कोणी 74, कोणी 80 च्या पुढे. पाश्चात्त्य संगीतात पियानो असतो, सूर ठरलेला असतो, त्यावरून स्पीड काढतात. आपल्याकडे पेटीची पट्टी त्या काळी प्रत्येक पेटीची वेगळी, मग काय करायचं? भाऊजींची पद्धत अशी की आधी पेटी जवळच्या पट्टीत बसते का बघायचं, मग डोळे मिटून शब्द ऐकायचे. स्पीड जास्त असेल तर "आ" कार चिमटतो, मीडेचा (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा) गोलपणा जातो, तान मशिनसारखी वाटते. कमी असेल तर तबल्याचा चाटीचा (कडेवरचा) बोल मऊ पडतो. एका बाजूवर आम्ही चार दिवस घालवलेत, 76 की 77 यावर. घरचे म्हणतात एवढा फरक कोणाला कळतो. पण बुवांनी ज्या लयीत चाल बांधली तिच्या जवळ जायचं तर हे करावंच लागतं.

दुसरी गोष्ट, आम्ही रेकॉर्ड स्टीरिओ कार्ट्रिजने (सुई बसते तो भाग) उतरवतो, आवाज मोनोच असतो, पण खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात, मग दोन्ही भिंतींचा आवाज वेगवेगळा ऐकून जो चांगला तो जास्त घ्यायचा. सुया पण चार आकाराच्या ठेवल्यात, कारण घरोघरी ग्रामोफोनच्या लोखंडी सुईने खाच एका ठराविक खोलीवर खरवडलेली असते, आपण जरा जाड किंवा जरा बारीक सुई लावली की ती न झिजलेल्या जागेवरून जाते. नंतर कॉम्प्युटरवर फक्त टिकटिक काढायची. ती सुद्धा हाताने, एकेक.

हे "फक्त" शिकायला आम्हाला पाच वर्षं लागली. आधी सॉफ्टवेअर आलं त्या उत्साहात मी खरखर पूर्ण साफ करायचे आणि गिऱ्हाईक खूष व्हायचं. 2011 ला एक आजोबा आले, ऐंशीच्या घरातले, लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी बालगंधर्वांना ऐकलेलं. हेडफोन लावून मिनिटभर ऐकलं आणि काढून ठेवला. म्हणाले, "मुली, श्वास कुठे गेला?" मी मूळ ट्रान्सफर, म्हणजे रेकॉर्डवरून जसंच्या तसं उतरवलेलं, लावून दिलं, खरखरीसकट, तर ते पूर्ण ऐकून परत पहिल्यापासून ऐकलं. मग लक्षात आलं की खरखरीबरोबर सारंगीचा गज, पदाआधीचा श्वास, जिथे आवाज विरून जातो ती शेपटी, हे पण पुसलं जात होतं. त्या महिन्यात केलेलं सगळं काम मी परत केलं, पैसे न घेता.

कायद्याचं पण लिहिते कारण बरेच जण विचारतात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. पण तेवढ्याने भागत नाही, चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, तो करणारा माणूस गेल्यावर साठ वर्षं. बुवा 1922 ला गेले, खाडिलकर 1948 ला गेले म्हणजे त्यांचे शब्द 2008 अखेर मोकळे झाले. एका ओळखीच्या वकिलांकडून हे सगळं लिहून घेतलं आणि मगच 2014 ला आम्ही पहिला संच काढला, "स्वयंवर" आणि "द्रौपदी" ची मिळून एकोणीस बाजू, एक सीडी आणि चाळीस पानी पुस्तिका. पुस्तिकेत प्रत्येक बाजूचा रेकॉर्ड नंबर, कुठल्या स्पीडला वाजवली, कुठली सुई, तबकडी कोणाच्या घरची (नाव छापायला परवानगी असेल तरच) आणि पदाचे पूर्ण शब्द. 300 प्रती, पैसे सोनं गहाण ठेवून. चौदा महिन्यांत संपल्या. त्यानंतर 500 काढल्या त्या संपायला मात्र सहा वर्षं लागली, कारण सीडी प्लेअरच कोणाकडे राहिला नाही. आता आम्ही पेन ड्राइव्हवर देतो, पुस्तिका मात्र छापीलच. ऑनलाइन टाकलं तर एकदा भलत्याच कोणीतरी आमच्याच ट्रान्सफरवर हक्क सांगितला आणि फाइल सात आठवडे बंद होती, मूळ तबकडीचे फोटो आणि वकिलांचं पत्र पाठवून ती सोडवली.

"बोला अमृत बोला" का देत नाही असं तर आठवड्याला एकजण विचारतं. त्याची चाल मास्तर कृष्णरावांची, ते 1974 ला गेले, म्हणजे त्यांच्या चाली 2034 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्या. परवानगीशिवाय आम्ही विकणार नाही. कोणाची स्वतःची रेकॉर्ड असेल तर त्याला घरी ऐकण्यापुरती उतरवून देतो, बस.

रेकॉर्डी येतात कुठून? रविवारी आणि बुधवारी जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, पण चांगला माल घरांतूनच येतो, कोल्हापूर, सांगली, मिरज, धारवाड, इंदूर, बडोदा, गोवा, जिथे जिथे नाटक मंडळ्या जायच्या तिथे. बडोद्याहून एकदा कुरियरने मागवल्या, तेवीसातल्या अकरा फुटून आल्या. त्या दिवसापासून आम्ही स्वतः जाऊन आणतो, रात्रीची गाडी, रेकॉर्डी उभ्या ठेवून मांडीवर. कृपा करून कोणी एकावर एक आडव्या रचून ठेवू नका, खालच्या वाकतात आणि तडकतात, आणि भंगारात द्यायच्या आधी एक फोन करा, आम्ही फुटलेली सुद्धा घेतो, तुकडे जुळवून वाजवता येते.

सध्या वझेबुवांवर, म्हणजे गायक रामकृष्णबुवा वझे यांच्या नाटकांतल्या चालींवर काम चाललंय. वझेबुवा 1945 ला गेले, चाली मोकळ्या. "रणदुंदुभि" नाटकातली, दीनानाथ मंगेशकरांनी गायलेली पदं उतरवून झालीत, "परवशता पाश दैवे" ची तर आता तिसरी प्रत मिळाली आणि ही सगळ्यात स्वच्छ आहे. "संन्यस्त खड्ग" नाटकातली "शतजन्म शोधितांना", "मर्मबंधातली ठेव ही" पण तयार आहेत, दीनानाथांची ती वीज चमकावी तशी तान या ट्रान्सफरमध्ये पहिल्यांदा पूर्ण ऐकू येते असं भाऊजी म्हणतात. पण "संन्यस्त खड्ग" चे शब्द सावरकरांचे, ते 1966 ला गेले, म्हणजे हक्क 2026 अखेरपर्यंत. म्हणून त्या फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्यात आणि पोटमाळ्यावरच्या खोक्यावर भाऊजींनी मार्करने तारीख लिहून ठेवलीये, 1 जानेवारी 2027.