कारखान्यातील परिचारिकांच्या बैठका आणि सीमेपलीकडची धूळ

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्र्यांत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत) किंवा चिकोडी, अथणी, हुक्केरी भागातील साखर कारखान्यांत काम करणाऱ्या परिचारिकेला, रुग्णालयात असते तशी सल्ला विचारायला शेजारी दुसरी परिचारिका नसते. डॉक्टर ठरावीक वेळी येऊन जातात, सेफ्टी ऑफिसर उत्पादन विभागात असतो, व्यवस्थापनाला हजेरीची काळजी असते, आणि कामगाराची तक्रार सर्वांत आधी ऐकणारी ती बहुधा एकटीच असते. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४५ ने ५०० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात अ‍ॅम्ब्युलन्स रूम (प्रथमोपचाराची खोली) बंधनकारक केली; त्या खोलीत बसणारीने पुढे शिकत राहायचे कुठे, हे मात्र जिचे तिनेच पाहायचे राहिले. म्हणून आमच्या भागात व्यावसायिक आरोग्य परिचारिकांच्या बैठका आणि व्याख्याने नियमाने व्हावीत असे मला मनापासून वाटते, आणि ती कशी असावीत याविषयी माझी मते ठाम आहेत.

आजवर जी व्याख्याने ऐकली त्यांतली बरीचशी रक्तदाब, मधुमेह आणि प्रथमोपचार यांवर होती. ते विषय उपयोगाचे आहेतच, परंतु ते कोणत्याही दवाखान्यात शिकता येतात. आमच्याकडे शेकआउटला (साचा फोडून ओतीव भाग काढायला) आणि फेटलिंगला (तो घासून साफ करायला) उभा राहणारा माणूस दिवसभर मोल्डिंगच्या वाळूची धूळ श्वासातून आत घेतो. तिच्यातील डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकातोंडात अडते. जी दिसत नाही ती सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊन कायमची बसते. तिच्यामुळे होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बहुधा दहा किंवा अधिक वर्षांनी उघड होतो, काम सोडल्यावरही वाढू शकतो, त्यावर बरे करणारे औषध नाही, आणि अशा फुप्फुसाला क्षयाचा धोकाही अधिक असतो. परिणामी खोकला, धाप आणि वजनातली घट पाहून क्षयाचे उपचार सुरू होतात आणि कामाचा प्रश्न कोणी विचारतच नाही. रामाझिनी या इटालियन वैद्याने रुग्णाला त्याचा धंदा विचारावा असे १७०० मध्ये लिहून ठेवले होते. आमच्या बैठकीतील पहिले व्याख्यान याच एका प्रश्नावर असावे: काम कोणते, किती वर्षे, त्याआधी कुठे, आणि तिथे धूळ कशी होती.

व्याख्यानापेक्षाही मला हाताने करून पाहण्याचा तास महत्त्वाचा वाटतो. एका बैठकीत एका ज्येष्ठ ताईंनी स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजण्याचे यंत्र, टेबलावर ठेवला आणि आम्हालाच एकेकीला बसवले. पाठ ताठ, नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, पूर्ण श्वास आत, आणि मग एकदम जोरात बाहेर. ताई शेजारी उभ्या राहून मोठ्याने म्हणत होत्या, "फुंका, फुंका, अजून, सोडू नका!" सहा सेकंद किती लांब असतात हे खुर्चीत बसल्यावर कळते. किमान तीन फुंका व्यवस्थित व्हाव्या लागतात, आणि त्यांतील सर्वांत चांगल्या दोन फुंकांच्या आकड्यांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक असू नये. कामगाराला नीट सांगितले नाही तर तो हळू फुंकतो, आकडा कमी येतो, आणि निरोगी माणूस आजारी ठरतो. कधी उलटही होते, आकडा खरोखर कमी असतो आणि आपण "नीट फुंकला नाही" म्हणून तो बाजूला ठेवतो. श्रवणचाचणीचेही तसेच आहे. रात्रपाळी संपवून मशीनच्या आवाजातून थेट आलेल्या माणसाची चाचणी घेतली तर कानाचा तात्पुरता थकवाच कागदावर उतरतो. ती पाळी सुरू होण्यापूर्वीच घ्यायला हवी.

गोकाक फॉल्सच्या सूत गिरणीमुळे कापसाच्या धुळीचा विषयही आमच्याच तालुक्यांचा आहे. त्या धुळीने होणाऱ्या बायसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराची सुरुवात ओळखण्याची खूण अशी, की साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढे आठवडाभरात ते कमी होते. पितळ ओतणाऱ्याला जस्ताच्या वाफेमुळे थंडी वाजून येणारा ताप हाही सुटीनंतरच जोर करतो. एका गिरणीतील आणि एका फाउंड्रीतील परिचारिका शेजारी बसल्या, तर "सुटीनंतरचा दिवस" हा प्रश्न दोघींच्याही रजिस्टरमध्ये येईल.

आता कर्नाटक-महाराष्ट्र सीमेविषयी. आमच्या निपाणीहून पलीकडचे कागल जवळ आहे, आणि कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांत आणि आमच्याकडे वाळू सारखीच उडते. कामगार इकडून तिकडे जातात, विशेषतः कंत्राटी. मूळ कायदा एकच असला तरी कारखाना खाते आणि नियमावली राज्यागणिक वेगळी, त्यामुळे माणूस हायवेने पलीकडे जातो आणि त्याचे आरोग्यपत्रक मागे राहते. जो आजार दिसायला दहा वर्षे लागतात, त्याची दहा वर्षे चार कारखान्यांत आणि दोन राज्यांत वाटली गेलेली असतात. सिलिकोसिस हा १९४८ च्या अधिनियमात, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेतही, तिसऱ्या अनुसूचीतील सरकारला कळवण्याजोगा आजार आहे. जुन्या अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे तो आढळल्यास कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि डॉक्टरांनी कळवायचे असे. परंतु मागचा हिशेब हाती नसेल तर डॉक्टर तरी कशाच्या आधारावर निदान करणार? हा हिशेब ठेवणे हे आमचे काम आहे, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या परिचारिका एकत्र बसल्याशिवाय ते होणार नाही.

मोठ्या संस्था आहेतच. भारतीय व्यावसायिक आरोग्य संघटना १९४८ पासून आहे, व्यावसायिक आरोग्याचा आंतरराष्ट्रीय आयोग १९०६ मध्ये मिलानला स्थापन झाला आणि त्यात परिचारिकांची स्वतंत्र समिती आहे. त्यांच्या परिषदांचा दर्जा निर्विवाद आहे, पण तेथील भाषा इंग्रजी, आणि पाळीची रजा काढून तिथे जाणे आमच्यापैकी फार थोड्यांना जमते. बेळगावात दुपारचे तीन तास, मराठी आणि कन्नड दोन्हींत, एवढे पुरेसे आहे. जिथे परिचारिका नाही आणि प्रथमोपचार पेटी एका शिकलेल्या कामगाराच्या हाती आहे, अशा लहान फाउंड्रीतील त्या कामगारालाही बोलवावे.

पुढील बैठकीसाठी माझी सूचना एवढीच, की प्रत्येकीने आपल्या कारखान्यातील आरोग्य तपासणीचा कोरा फॉर्म बरोबर आणावा. ते सर्व समोर ठेवून कामाच्या इतिहासाचे एक पानी कार्ड दोन्ही भाषांत तयार करता येईल, जे कामगाराच्याच खिशात राहील आणि कागलला गेला तरी त्याच्याबरोबर जाईल.