त्या केसचं पुढे काय झालं?

"त्या कुत्रीच्या केसचं काय झालं हो?" महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्यांत काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं. बाकीच्यांना 'एका भटक्या कुत्रीसाठी एवढं?' हे जरा सभ्यपणे म्हणायचं असतं. दोघांनाही मी "तारीख पडलीय" एवढंच सांगून सुटते, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण परवा एकीने मला बसवूनच घेतलं, "आज सगळं सांग" म्हणाली. तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

ऑगस्ट 2021. तांबी आमच्या पार्किंगमध्ये राहायची. पावसाळ्यात नुकत्याच आलेल्या गाडीचं बॉनेट उबदार असतं, त्यावर चढून झोपायची तिला खोड. त्या संध्याकाळी गाडीच्या मालकांनी, म्हणजे आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी, तिला लोखंडी सळईने मारलं. मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. दोन फटके मी डोळ्यांनी पाहिले. तिसऱ्याचा फक्त आवाज ऐकला, कारण तोवर मी जिन्यात पोचले होते. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे त्यावर माझा अर्धा तास गेला.

तिचा मागचा उजवा पाय मांडीतून तुटला होता. डॉक्टरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग तो काढला.

पोलीस ठाण्यात अंमलदार वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, "मॅडम, एन.सी. घेतो." एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. आणि ते अगदी चूकही नव्हते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 चा आहे. त्यातल्या कलम 11 खाली प्राण्याला नुसती मारहाण अदखलपात्रच ठरते, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. छपाईची चूक नाही, पन्नासच. 2014 मध्ये बैलांच्या शर्यती आणि जलिकट्टूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा दंड संसदेने वाढवावा असं सांगितलं होतं. त्यालाही दहा वर्षं उलटून गेली.

मग माझ्या भाच्याने, जो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि म्हणून कुणाचंही ऐकत नव्हता, दंडसंहितेचं कलम 429 छापून आणलं. जनावराला ठार किंवा जायबंदी करण्याचं कलम, दखलपात्र, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तो कागद टेबलावर ठेवल्यावर फिर्याद लिहून घेतली गेली. शिवाय 1960 च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, हेही त्यानेच सांगितलं. त्यामुळे दिवाळीपर्यंत मी ऑफिसला जाताना ठाण्यावरून जायचा रस्ता धरला. अंमलदार मला लांबूनच बघून फाईल काढायचे. दोषारोपपत्र मुदतीत गेलं.

पण या 429 ची एक गंमत आहे. हे कलम 'आगळीक' या सदरात मोडतं, आणि आगळीक मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांत. आपण घरात आगळीक हा शब्द कुणी मोठ्यांच्या मध्ये बोललं तर वापरतो, कायद्यात मात्र तो कुणाच्या तरी मालमत्तेचं नुकसान करण्याला आहे. म्हणजे पाय तुटला तांबीचा आणि नुकसान शोधायचं मालकाचं. त्यातही हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांना किंमतीची अट नाही. इतर जनावर मात्र निदान 50 रुपये किंमतीचं असावं लागतं. तेव्हा तांबी 50 रुपयांची होती, हे सरकार पक्षाला सिद्ध करायचं होतं.

1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये ही किंमतीची भानगड काढून टाकली आहे. कुठलाही प्राणी, शिक्षा तीच पाच वर्षांपर्यंत. पण घटना ज्या दिवशीची, कायदा त्या दिवशीचा. त्यामुळे आमची तांबी जुन्याच दरपत्रकात राहिली.

आरोप निश्चित व्हायलाच दीड वर्ष गेलं. तोवरच्या तारखांना काय झालं म्हणाल, तर न्यायाधीश रजेवर, आरोपीचा गैरहजेरी माफीचा अर्ज, वकिलांचं कामबंद, न्यायाधीशांची बदली, पुन्हा अर्ज. खरं तर या तारखांना माझं काही कामच नव्हतं. सरकार विरुद्ध अमुक अशी केस. नावात तांबी नाही आणि मीही नाही, मी फक्त एक साक्षीदार. समन्स येईल तेव्हा जायचं. तरी जात राहिले. एकदा गेले नव्हते तेव्हा सरकारी वकिलांनी साक्षीदारांची यादीच आणली नव्हती, एवढं एक कारण. दुसरं म्हणजे मागच्या बाकावर कुणी ओळखीचं बसलेलं असलं की फाईल जरा लवकर हाताला लागते, असा माझा समज आहे. पुरावा काही नाही.

घरात या तारखांचा एक वेगळाच संसार झाला. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर गॅससाठी हिरवी खूण, मुलीच्या परीक्षेला निळी आणि कोर्टाला लाल. ऑफिसमध्ये वर्षाच्या रजांतल्या किती अर्ध्या सुट्ट्या यात गेल्या ते मोजणं मी 2023 मध्ये सोडून दिलं. साहेबांना सुरुवातीला 'कौटुंबिक काम' सांगायचे. पुढे तेच विचारायला लागले, "उद्या तुमचं कौटुंबिक आहे ना?" सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं माझ्या सरतपासणीच्या, म्हणजे सरकारी वकील माझी साक्ष घेणार त्या दिवशी आलं. त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू आठ दिवस थांबेल, जज थांबायचा नाही." त्या कुत्र्यांना घाबरतात, हे इथे सांगायला हवं.

सरतपासणी वीस मिनिटांत झाली. उलटतपासणी पाच महिन्यांनी.

"दोन फटके पाहिले की तीन?"

"दोन पाहिले, तिसरा ऐकला."

"फिर्यादीत तीन लिहिलंय."

"तीन मारले म्हणून तीन."

"हो किंवा नाही एवढंच सांगा."

जिन्याला किती पायऱ्या, वळणावरून पार्किंग दिसतं का, दिवे लागले होते का, कपड्यांचा ढीग हातात होता की खांद्यावर. मी उत्तर द्यायचे, मग न्यायाधीश तेच कोर्टाच्या भाषेत सांगून टाईप करून घ्यायचे. 'हे म्हणणे खरे नाही की, मी तिसरा फटका पाहिला नसल्याने तो मारला गेला नाही.' स्वतःचंच बोलणं असं उलटं होऊन ऐकू आलं की क्षणभर आपण नक्की काय म्हटलं होतं तेच कळेनासं होतं.

मग आलं ते. "तुम्ही तिच्या मालक आहात का?" नाही. "कुणी आहे?" नाही. "तिची बाजारात किंमत किती?" मी म्हटलं, पन्नास काय, पन्नास हजारांनाही देणार नाही. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "किंमत माहीत नाही, असं लिहा."

बाहेर आल्यावर भाचा माझ्यावर चिडला होता. बरोबरच होतं त्याचं. नाट्यपूर्ण उत्तर द्यायची हौस मला नडली.

पुढचा साक्षीदार तेव्हाचा वॉचमन. सगळं जवळून त्यानेच पाहिलेलं, सळई उचलून बाजूलाही त्यानेच ठेवलेली. त्याने शपथ घेतली आणि "मला आठवत नाही" म्हणाला, चार वेळा. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं. जाताना तो माझ्याकडे न बघता गेला. मला राग आला होता, खूप आला होता, तो का फितूर झाला हे ठाऊक असूनही. त्याला अजून इमारतींच्या दारातच उभं राहून पोट भरायचंय आणि तिथल्या खुर्च्यांवर अशीच माणसं बसतात. घरी येईपर्यंत राग ओसरला नाही. नंतर ओसरला, पण तांबीकडे बघून नव्हे. ती तीन पायांवर जिना चढून आमच्या दारात येते, पायपुसणं ओढून त्यावर झोपते आणि केसमध्ये तिला काडीचा रस नाही. बॉनेटवर आता तिला चढता येत नाही.

डॉक्टरांची साक्ष चांगली झाली. एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद, सगळं जागेवर होतं. आता तपास अधिकारी राहिलेत. त्यांची दोनदा बदली झालीय, समन्स त्यांच्या मागून फिरतंय.

आणि ते गृहस्थ? ते वर राहतात, मी खाली. चार वर्षं आम्ही एकाच लिफ्टमधून जातो आणि दोघंही मजल्यांचे आकडे वाचतो. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून आम्ही एकाच बाजूने मत दिलं, तेव्हाही एकमेकांकडे पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये तेच बोलले. दार बंद झाल्यावर, आकड्यांकडे बघतच.

"उद्या जज आहेत का हो? मागच्या वेळी दोन तास बसून परत आलो. तुमच्या मोबाईलवर दिसतं म्हणे."

मी ई-कोर्टचं ॲप उघडलं, केसचा सोळा अक्षरी क्रमांक मला पाठ आहे. "उद्याच्या बोर्डावर आहे," म्हटलं. "एकतिसावी."

"म्हणजे दुपारनंतर."

"हो, दुपारनंतर."

त्यांचा मजला आला, ते उतरले.