पहिला बाप्तिस्मा सहा वर्षांनी

परदेशी सुवार्तेला गेलेल्यांना वर्षभरातच मायदेशातल्या मंडळीकडून विचारणा होते: किती जण प्रभूकडे आले? अशा वेळी ब्रह्मदेशात गेलेले अमेरिकन मिशनरी अदोनीराम जडसन आठवावेत. जुलै १८१३ मध्ये ते रंगूनला उतरले. पहिला बाप्तिस्मा, माउंग नाऊ यांचा, जून १८१९ मध्ये झाला. मधल्या काळात ते ब्रह्मी भाषा शिकले, मत्तयाचं शुभवर्तमान भाषांतरित केलं, मग रस्त्याकडेला ब्रह्मी पद्धतीची ‘झयात’ बांधली, कुणीही टेकून बोलावं अशी ओसरीच.

१८२४ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात ते ब्रह्मी राजाच्या कैदेत पडले. त्यांच्या नव्या कराराच्या ब्रह्मी भाषांतराचं हस्तलिखित पत्नी ॲन यांनी उशीत शिवलं, तीही इतकी कडक की पहारेकऱ्याला मोह होऊ नये. पुढे ती फेकली गेली, तरी त्यांचे ब्रह्मी शिष्य माउंग इंग यांच्या हाती लागली. आत कागद शाबूत! संपूर्ण ब्रह्मी बायबल १८३४ मध्ये तयार झालं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: पहिली दोन वर्षं भाषेलाच द्या. दुभाष्यावर विसंबून घाईने उपदेश केला, तर बौद्ध श्रोता ‘पाप’, ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द आपल्याच अर्थाने घेतो, आणि ते आपल्याला कळतही नाही. मंडळीला पत्र लिहाल तेव्हा आकड्यांऐवजी कुठल्या घरी बसलात, कोणता शब्द नव्याने उमगला, ते कळवा.