बाजीप्रभूंचा आवाज

१९८४च्या स्नेहसंमेलनात आमच्या नववी 'ब'नं बाजीप्रभूंवर एकांकिका बसवली होती. मी प्रॉम्प्टर. आदल्या दिवशी आमचे बाजीप्रभू खासबागेत कुस्त्या बघायला गेले आणि आपल्या तालमीच्या पैलवानासाठी दुपारभर असे ओरडले की, प्रयोगादिवशी तोंडातून नुसती हवा. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, खडीसाखर आणली. ती निम्मी मावळ्यांनीच संपवली.

नाटक बसवणारे सर म्हणाले, "शो मस्ट गो ऑन." हे सर्कशीतलं बोलणं, असं ते सांगत. कसरतपटू पडला तरी बँड वाजत ठेवायचा, नाहीतर तंबूत चेंगराचेंगरी. "पण सर्कशीपर्यंत कशाला जायचं? आपले केशवराव भोसले बघा. १९२१च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' गाजवलं आणि ऑक्टोबरात गेले. वय ३१. म्हणून त्यांची नाटक कंपनी 'ललितकलादर्श' बंद पडली काय? बापूराव पेंढारकरांनी चालवली. तुमचा तर नुसता घसा बसलाय." (केशवरावांच्या नावाचं थिएटर जळालं त्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ला, सरांची फार आठवण आली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.)

मग सरांनी रंगपटात फर्मावलं, "याला दाढीमिशा दाट लावा. ओठ दिसता कामा नयेत. आणि तू रे, विंगेत माइक घेऊन बस."

स्पिरिट गमच्या वासानं बाजींच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. लोकांना तो अभिनय वाटला. ते तलवार उचलायचे, मी बोलायचो. एकदा मी पुढचं वाक्य आधीच म्हटलं, तर बाजी पाठ फिरवून मावळ्यांकडं चालत गेले. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तोफांचे पाच बार व्हायचे होते, आणि सुतळी बॉम्ब सर्दावलेले. बार होईपर्यंत मरायची सोय नाही! वहीतलं संपलं, तसा मी मनानंच बोलत सुटलो. पन्हाळा झाला, पाऊस झाला, मसाई पठार झालं. अखेर एक फुटला. बाजींनी पाचांची वाट न बघता देह ठेवला.

पाहुण्यांनी भाषणात बाजींच्या खणखणीत वाणीचं कौतुक केलं आणि बक्षीस देताना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यानं माइकसमोर उभं राहून नुसते हात जोडले. पहिल्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "बघा, किती गरीब स्वभावाचं पोरगं!"