नावाखालची एक ओळ

आज दुपारी नौपाड्याला ताईकडे गेलो असता, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीने लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातल्या ओळखींच्या संकेतस्थळावरचे तिचे प्रोफाइल माझ्यासमोर उघडले आणि "मामा, मला कुणी उत्तरच देत नाही," असे खिन्नपणे सांगितले. नावाखाली फक्त 'विद्यार्थिनी' एवढाच शब्द होता. फोटो लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात दिसणारा. नावाखालच्या त्या ओळीत 220 अक्षरे मावतात आणि शोध घेणाऱ्याला प्रोफाइल उघडण्याआधी तीच दिसते, म्हणून आम्ही जवळजवळ तासभर त्या एका ओळीवरच घालवला. बोलता बोलता कळले की मासुंदा तलावाच्या पाण्याची गढूळता मोजणारे छोटे यंत्र तिने सेन्सर जोडून स्वतः बनवले आहे, आणि हे तिने कुठेही लिहिलेले नव्हते! मला फार वाईट वाटले. आपल्या घरांतल्या मुलांना स्वतःचे काम सांगणे म्हणजे बढाई मारणे वाटते. फोटो गॅलरीतल्या उजेडात नवा काढला. संध्याकाळी तिने ऐरोलीत नोकरी करणाऱ्या, तिच्याच महाविद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीला लिंक्डइनवर ओळख जोडण्याची विनंती पाठवली. कोरी नव्हे, तर सोबत स्वतः लिहिलेल्या दोन ओळी जोडून.