तुम्ही विचारलंत म्हणून: एकच पान दोन ठिकाणी वेगळे का दिसते?

छोट्या संस्थांची संकेतस्थळे तयार करणे आणि पुढे ती सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे एक प्रश्न मला वर्षभर विचारला जातो: ‘आमचे पान माझ्या फोनवर व्यवस्थित दिसते, पण कार्यालयातल्या संगणकावर बिघडते, कोणता ब्राउझर चुकतो आहे, आणि ते तुम्ही कसे शोधता?’ फोनवर दोन वाक्यांत याचे उत्तर देता येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

वेबपान हे छापून आलेल्या पत्रिकेसारखे तयार चित्र नसते. सर्व्हरकडून, म्हणजे संकेतस्थळ जिथे साठवलेले असते त्या संगणकाकडून, मजकूर येतो आणि तो कसा मांडावा याच्या सूचना येतात. प्रत्यक्ष मांडणी वाचणाऱ्याच्या यंत्रावरचा ब्राउझर दर वेळी नव्याने करतो. ही मांडणी करणारी प्रमुख इंजिने आज तीन आहेत: क्रोमचे ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझरसुद्धा जानेवारी 2020 पासून क्रोमच्याच इंजिनावर चालतो. स्पष्ट लिहिलेली सूचना ही तिन्ही इंजिने बहुतेक वेळा सारखीच पाळतात. माझ्या अनुभवात तक्रारी येतात त्या मुख्यतः जे सांगायचे राहून गेले त्यातून, कारण तिथे ब्राउझर किंवा संगणक आपल्या पद्धतीने निर्णय घेतो.

एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचे उदाहरण देतो. त्यांच्या सभासदत्वाच्या पानावर ‘वर्गणी’ असे ठळक शीर्षक होते. ज्यांनी पान तयार केले त्यांच्या मॅकवर, सफारीमध्ये, ते सुरेख दिसत होते. ग्रंथपालांच्या विंडोज संगणकावर, एजमध्ये, त्याच शीर्षकाचा शिरोरेषेवरचा भाग कापला जात होता. रफार नाहीसा झाला होता आणि वेलांटीची कमान गेल्यामुळे तिचा नुसता काना उरला होता, म्हणजे ‘वर्गणी’ या शब्दाचे ‘वगणा’ झाले होते. सर्वांनी एकमताने एजला दोष दिला आणि ‘सर्वांना क्रोम वापरायला सांगा’ असा उपायही सुचवला.

अशा वेळी माझा नियम एकच असतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी त्याच मॅकवर सफारीऐवजी क्रोममध्ये पान उघडले. इंजिन बदलले, तरी शीर्षक तसेच सुरेख राहिले. मग विंडोजवर एजऐवजी फायरफॉक्स उघडला. तिथेही इंजिन बदलले, तरी शीर्षक तसेच कापलेले राहिले. म्हणजे फरक ब्राउझरबरोबर बदलत नव्हता, संगणकाबरोबर बदलत होता. क्रोममध्ये त्या शब्दावर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडले आणि ‘कम्प्युटेड’ या भागात अगदी तळाशी गेले, की तो मजकूर प्रत्यक्षात कोणत्या फाँटमध्ये उमटला आहे ते लिहिलेले असते. मॅकवर तिथे कोहिनूर देवनागरी होता, विंडोजवर निर्मला यूआय. पानाच्या सीएसएसमध्ये, म्हणजे मांडणीच्या सूचनांमध्ये, यांपैकी कोणाचेच नाव नव्हते; तिथे एका रोमन लिपीच्या फाँटचे नाव होते आणि त्यात देवनागरी अक्षरे मुळातच नव्हती. ज्या फाँटमध्ये अक्षर सापडत नाही, त्याच्या जागी संगणक आपल्याजवळचा दुसरा फाँट घेतो, आणि तो प्रत्येक संगणकावर वेगळा असू शकतो.

फाँट बदलल्याने अक्षरे थोडी वेगळी दिसणे समजू शकते, पण ती कापली का जावीत? कारण शीर्षकाची ओळ-उंची, म्हणजे लाइन-हाइट, 1 म्हणजे फाँटच्या आकाराएवढीच ठेवलेली होती आणि चौकटीबाहेर जाणारा भाग लपवावा अशी सूचना होती. रोमन लिपीतील शीर्षकाला हे बऱ्याचदा खपून जाते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांची स्वतंत्र वस्ती असते, आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असतात. मी ओळ-उंची 1.6 केली, लपवण्याची सूचना काढली, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फाँट पानासोबतच पाठवण्याची सोय केली, आणि पानाची भाषा ‘ईएन’ (इंग्रजी) अशी लिहिलेली होती तिथे मराठीसाठीचे ‘एमआर’ हे चिन्ह घातले. हा शेवटचा बदल अनेकांना अनावश्यक वाटतो, पण ज्या फाँटमध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी रूपे वेगळी दिलेली असतात, त्यातून ती नेमकी उचलण्यासाठी ब्राउझरला भाषा माहीत असावी लागते. ग्रंथालयात नाव नोंदवायला येणाऱ्या माणसाला ‘वर्गणी’ हा शब्द अखंड वाचता आला पाहिजे, आणि त्यासाठी दुसरा ब्राउझर घ्यायला त्याला सांगणे मला मुळीच मान्य नाही.

ब्राउझरचा हात खरोखर असतो अशीही प्रकरणे असतात. आयफोनवर अर्जाच्या तळाचे ‘पुढे जा’ हे बटण दिसत नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. पानाची उंची पडद्याएवढी ठेवण्यासाठी 100 व्हीएच (एक व्हीएच म्हणजे पडद्याच्या उंचीचा शंभरावा भाग) असे लिहिले, तर सफारी पत्त्याची पट्टी आकुंचित झाल्यानंतरची मोठी उंची धरतो. पट्टी पूर्ण दिसत असताना तेवढी जागा नसते आणि तळाचे बटण तिच्याआड जाते. यासाठी डीव्हीएच हे, पट्टी दिसते की आकुंचित होते त्याप्रमाणे बदलणारे, नवे एकक आले. सफारीत ते मार्च 2022 मधील 15.4 या आवृत्तीपासून चालते. मी आधी जुनी ओळ आणि तिच्याखाली नवी ओळ अशा दोन्ही ओळी लिहितो. जो ब्राउझर नवे एकक ओळखत नाही तो ती ओळ सोडून देतो आणि वरची पाळतो, त्यामुळे जुना फोनही अडत नाही. येथे अनेकांची एक फसगत होते: ‘आयफोनवर क्रोममध्येही तसेच दिसते, म्हणजे दोष सफारीचा नाही’ असे ते म्हणतात. आपल्याकडच्या आयफोनवरील क्रोमच्या आतले इंजिन सफारीचेच, म्हणजे वेबकिट असते, त्यामुळे त्या तपासणीतून काहीच सिद्ध होत नाही.

काही तक्रारींत इंजिनाचाही संबंध नसतो आणि फाँटचाही नसतो. दोन टेबलांवर एकाच आवृत्तीचा क्रोम, आणि तरीही एकावर मेन्यू आडवा व दुसऱ्यावर तीन रेघांत मिटलेला. 1366 पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर विंडोजचे प्रमाण, म्हणजे पडद्यावरचे सगळे किती मोठे दाखवायचे ते, 125 टक्के ठेवले, की ब्राउझरच्या हिशेबी रुंदी सुमारे 1093 उरते, आणि पानात ‘1100 पेक्षा कमी असेल तर मेन्यू मिटवा’ असे लिहिलेले असेल तर तो मिटतो. म्हणून कळवताना ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती यांच्याबरोबर हे प्रमाणही कळवावे, आणि पत्त्याच्या पट्टीसह संपूर्ण पडद्याचे चित्र पाठवावे. फक्त बिघडलेल्या शब्दाचा कापलेला तुकडा आला, तर माझा निम्मा दिवस विचारपूस करण्यातच जातो. त्याआधी एकदा ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत पान उघडून पाहावे, म्हणजे साठवलेली जुनी फाइल किंवा एखादे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली जादा सोय) यांच्यामुळे होणारा घोटाळा बाजूला पडतो.

प्रत्येक फरक मिटवावा असे मात्र मला वाटत नाही. तारीख निवडण्याचा चौकोन सफारीत एका रूपाचा आणि फायरफॉक्समध्ये दुसऱ्या रूपाचा दिसला तर दिसू द्यावा. वापरणाऱ्याला आपल्या यंत्रावरचे रूप सवयीचे असते. मजकुराला धक्का लागतो तिथे मात्र मी तडजोड करत नाही. एका नियतकालिकाच्या पानावर पहिले अक्षर मोठे करण्याची सूचना होती आणि लेखाची सुरुवात ‘क्षणभर’ या शब्दाने होत होती. एका ब्राउझरमध्ये संपूर्ण ‘क्ष’ मोठा झाला, दुसऱ्यात पाय मोडलेला ‘क्’ मोठा होऊन ‘षणभर’ बारीक अक्षरांत उरले. देवनागरी जोडाक्षर हे एकच अक्षर धरावे असा नियम युनिकोडने, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या संगणकीय मानकाने, 2023 मधील 15.1 या आवृत्तीत घातला आहे, पण जुन्या आवृत्त्या लोकांच्या यंत्रांवर अजून कित्येक वर्षे राहतील. संपादकांना ते मोठे आद्याक्षर फार आवडत होते. मी ते काढून टाकले आणि पहिला संपूर्ण शब्दच थोडा मोठा करून दिला.